दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर व उड्डाणाचा काळ

दिल्ली व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ही रेषा सैबेरिया व उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशावरून जाते. प्रत्यक्ष हवाईमार्ग याहून लांबचे असतात.

एअर इंडियाने २ डिसेंबर २०१५ रोजी येथे थेट सेवा सुरू केली. प्रारंभी विमान अटलांटिक महासागरावरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीपेक्षा १,४०० किलोमीटरने अधिक. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास लवकर पूर्ण झाला. कारण अतिउंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात व पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास साहाय्यभूत होतात.

सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेतेरा तास, उन्हाळी वेळेत साडेबारा तास मागे असते. पहाटे चारला निघालेले विमान सोळा तासांनी पोहोचले, तरी तेथे त्याच दिवसाची सकाळ असते. म्हणून वृद्ध आईवडिलांना पाठविताना त्यांच्या औषधांच्या वेळा केवळ घड्याळावरून न धरता, प्रवासाचे तास मोजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच लिहून द्याव्यात.