"आई, ते तुझ्या देशाचं झालं. माझ्या देशाचं सांग!"

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या टर्ममध्ये लेकाला शाळेत प्रोजेक्ट होतं: अवकाश संशोधनात आपल्या देशाचं योगदान. मी लगेच सुरू. थुंबा, आर्यभट्ट, चांद्रयान... तो शांतपणे म्हणाला, "आई, ते तुझ्या देशाचं झालं. माझ्या देशाचं सांग."

मी गप्प. इथला टॅक्सचा कायदा मला पाठ, पण या प्रश्नाला उत्तर नाही. मग आठवडाभर जेवणं आटोपल्यावर दोघं वाचत बसलो.

पॉइंट कुकच्या तळावरचं हवाई दलाचं म्युझियम आपण सगळ्यांनीच मुलांना दाखवलंय. रॉकेटची गोष्ट मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेरापासून सुरू होते. १९४७ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने मिळून तिथे चाचणी केंद्र उभारलं. 'वूमेरा' हा आदिवासी भाषेतला शब्द, भाला फेकायचं साधन. नाव त्यांचं घेतलं, जमीनही कोकाथा आणि इतर आदिवासींची, पण त्यांची संमती कोणी घेतली नाही. डॉ. चार्ल्स ड्युगिड यांच्यासारख्या काहींनी तेव्हाच विरोध केला होता. ताळेबंदात देणं लपवायचं नसतं, म्हणून हेही लेकाला लिहायला लावलं.

याच वूमेरातून २९ नोव्हेंबर १९६७ ला 'रेसॅट' उडाला, ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह. वजन जेमतेम ४५ किलो, तयारी साधारण ११ महिन्यांत. रॉकेट कुठलं? अमेरिकन चाचण्यांमधून उरलेलं! स्वतःच्या भूमीवरून स्वतःचा उपग्रह सोडणाऱ्या पहिल्या मोजक्या देशांत ऑस्ट्रेलिया जाऊन बसला. पण सरकारने पुढे पैसा घातला नाही. स्वतःची अवकाश संस्था व्हायला २०१८ उजाडलं.

मग मधली पन्नास वर्षं काय केलं? कान देऊन ऐकलं.

पृथ्वी फिरते, त्यामुळे दूरच्या यानाशी सतत बोलायचं तर जगात तीन ठिकाणी अँटेना लागतात. नासाने कॅलिफोर्निया, माद्रिद आणि कॅनबेरा निवडली. २१ जुलै १९६९ ला, आपल्या इथल्या वेळेनुसार दुपारी १२.५६ ला, आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं. ते जगाने पाहिलं कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीकच्या २६ मीटर अँटेनातून. साधारण आठ-नऊ मिनिटांनी पार्क्सच्या ६४ मीटरच्या मोठ्या डिशचं चित्र सुरू झालं. 'द डिश' सिनेमामुळे नाव पार्क्सचं झालं, पण पहिल्या पावलाची एंट्री हनीसकल क्रीकच्या खात्यात.

व्हॉयेजर २ आता दक्षिणेकडे इतकं दूर गेलंय की त्याला आज्ञा पाठवू शकते ती फक्त कॅनबेराजवळच्या टिडबिनबिलाची ७० मीटर डिश. २०२३ मध्ये चुकीच्या आज्ञेमुळे यानाची अँटेना पृथ्वीपासून २ अंश वळली आणि संपर्क तुटला. टिडबिनबिलाने पूर्ण ताकदीनिशी हाक मारली. उत्तर यायला ३७ तास लागले, पण आलं!

आणि आता माझा आवडता भाग. २४ सप्टेंबर २०१४, मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरत होतं. भारतात सकाळ होती आणि मंगळ अजून क्षितिजाखाली, म्हणजे बंगळुरूजवळच्या आपल्या डिशला तो दिसणंच शक्य नव्हतं. यानाचा संदेश साधारण साडेबारा मिनिटं प्रवास करून आधी कॅनबेराला पोहोचला आणि तिथून बंगळुरूला. त्या दिवशी टीव्हीसमोर मी रडले होते. पण तो निरोप आधी माझ्या लेकाच्या देशाने ऐकला होता, हे मला आत्ता कळलं.

हे वाचून दाखवल्यावर लेक म्हणाला, "म्हणजे दोघांचं." त्याने प्रोजेक्टचं शेवटचं पान त्याच्यावरच केलं.

आपण मुलांना आपल्या देशाचा अभिमान वारशात द्यायला बघतो, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या वहीत दुसरंही एक खातं आहे आणि ते कोरं नाही. ते वाचायला आपणच त्यांच्याशेजारी बसायला हवं.

पुढच्या सुट्टीत कॅनबेराला जाणार असाल तर टिडबिनबिलाला नक्की थांबा. प्रवेश मोफत आहे, चंद्रावरचा दगड आहे आणि हनीसकल क्रीकची ती जुनी डिशही आता तिथेच उभी आहे.

तुमच्या मुलांनी असा प्रश्न विचारून तुम्हाला कधी गप्प केलंय का? कमेंटमध्ये सांगा!