सौ. लक्ष्मीबाई टिळक : 1895 ते 1900

लक्ष्मीबाई टिळक पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. कालानुक्रम पाहिला असतां हें विधान जसेंच्या तसें टिकत नाहीं. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा मुंबईस ता. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 सालीं. मधल्या पांच वर्षांचा विचार येथें कर्तव्य आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें, गोखले घराण्यांत झाला. वडील सोंवळ्याच्या बाबतींत पराकाष्ठेचे कडक. 1880 सालीं विवाह झाला. पति कवि आणि तितकेच तापट; घरीं न सांगतां निघून जावें हा त्यांचा जुनाच क्रम. परंतु 1895 सालचें जाणें निराळें होतें. आतां ज्ञातीच्या दृष्टीनें त्यांस परतण्याची वाट उरली नाहीं. लहानग्या दत्तूस घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयास राहिल्या. सौभाग्य असून संसार नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

तत्कालीन कायदाहि येथें लक्षांत घेतला पाहिजे. 1866 च्या एकविसाव्या कायद्यान्वयें, धर्मांतराच्या कारणावरून पतीनें किंवा पत्नीनें सहा महिने सहवास टाकल्यास, ख्रिस्ती झालेल्या माणसास न्यायालयांत जाऊन शेवटीं विवाह मोडून घेतां येत असे. फिर्यादीचा हा अधिकार धर्मांतर करणारासच होता; मागें राहिलेल्यास तो या कायद्यानें दिला नव्हता. टिळकांनीं हा मार्ग धरला नाहीं, आणि पत्नीवर धर्माची सक्तीहि केली नाहीं.

पुढें बीडच्या सीमेस लागून असलेल्या अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांत पतिपत्नींची पुन्हां गांठ पडली. परंतु बाई आल्या त्या आपलें सोंवळें घेऊनच आल्या. राहुरीस असतां त्यांच्या मनानें निराळी दिशा घेतली. ईश्वरानें जाति निर्माण केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांप्रमाणें मनुष्यांच्या देहांतहि तसा भेद दिसला असता, असा त्यांनीं स्वतःशींच तर्क केला, आणि कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे क्रम असा : प्रथम त्याग सोसला, मग पुनर्मीलन, मग स्वबुद्धीनें जातीचा त्याग, आणि शेवटीं श्रद्धा. पति परत मिळाला तेवढ्यानें त्यांस आपली किंमत कळली असें नव्हे. ती त्यांनीं स्वतः निर्णय घेऊन मिळविली, आणि ख्रिस्ती श्रद्धेनें ती स्थिर केली.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून भिन्न आहे. 1878 सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांचा गौरव केला. बाप्तिस्मा 1883 सालीं इंग्लंडांत झाला. लक्ष्मीबाईंच्या पाठीशीं अशी कीर्ति नव्हती. अक्षरओळखहि त्यांस लग्नानंतरच झाली.

या घडामोडींचें मुख्य साधन म्हणजे 1934 पासून प्रसिद्ध झालेलीं 'स्मृतिचित्रें'. प्रसंगानंतर सुमारे पस्तीस वर्षांनीं लिहिलेला हा ग्रंथ तारखांच्या बाबतींत एकटा पुरेसा मानूं नये. परंतु मनोवृत्तींच्या बाबतींत त्याची साक्ष बळकट आहे. आपलें सोंवळें, आपला भाबडेपणा, आपली फजिती यांवर लेखिका स्वतःच हंसते. स्वतःचा मोठेपणा मिरविणारा साक्षीदार असें बोलत नसतो.

श्रद्धेची कसोटी पुढें लागली. 1917 सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली व संन्यस्त वृत्ति पत्करली; 1919 सालीं ते निवर्तले. त्यांच्या हातून अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. 1895 सालीं पति गेले तेव्हां ज्या आप्तांच्या दारीं गेल्या, त्याच बाई 1919 नंतर पतीचें अर्धें राहिलेलें काव्य हातीं घेतात, हा फरक नोंदण्याजोगा आहे.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, 1895 ते 1900 मधील कौटुंबिक पत्रें, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि 'ज्ञानोदया'चे जुने अंक रद्दींत जाऊं देऊं नयेत. पतीनें टाकलेल्या स्त्रीची बाजू दप्तरांत सहसा लिहिली जात नाहीं. येथें ती तिनें स्वतः लिहून ठेविली आहे; तिला कागदांचा आधार मिळवून देणें हें आपलें काम आहे.