विद्यापीठीय लोकनृत्यसंघ

विद्यापीठाच्या नावाने लोकनृत्य सादर करणारा विद्यार्थ्यांचा संघ. धाराशिव जिल्हा ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्था. 1958) कार्यक्षेत्रात येतो, तिथे हा संघ युवक महोत्सवातून घडतो. महाविद्यालयांचे संघ केंद्रीय युवक महोत्सवात उतरतात. निवडलेला संघ पुढे राज्यातील ‘इंद्रधनुष्य’ आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचा पश्चिम विभागीय महोत्सव गाठतो. राष्ट्रीय पातळीवरील नियमानुसार नर्तक जास्तीत जास्त दहा, वादक-गायक पाच आणि वेळ दहा मिनिटे.

या भागातले संघ गोंधळ, वाघ्या-मुरळी, पोतराज, लेझीम असे प्रकार बसवतात. गोंधळाच्या देवीचे तुळजापूर याच जिल्ह्यात असल्याने गोंधळाचे स्थान वेगळे आहे. मूळ गोंधळ हा कुळाचार : लग्नानंतर घरी चौक मांडून, देवतांना आवाहन करून, पहाटेपर्यंत आख्यान लावून तो आरतीने संपतो. रंगमंचावर आख्यान जवळजवळ गळते. उरतात आवाहन आणि नाच. दिवटीचेही (हातातल्या मशालीचेही) तेच. घरच्या गोंधळात तिच्यावर पुन्हापुन्हा तेल घालावे लागते. रंगमंचावर तेवढी उसंत नसते.

संघाची खरी परीक्षा संबळात होते. कमरेला बांधलेल्या या जोडवाद्याचा एक भाग उंच स्वराचा, दुसरा खर्जाचा. वाजवायच्या दोन काड्यांपैकी एकीचे टोक वळलेले. नाच महिन्याभरात बसतो, संबळाचा हात मात्र तेवढ्यात बसत नाही. म्हणून गोंधळी घराण्यातला विद्यार्थी संघात असला की सादरीकरणाला वजन येते. त्याला केवळ साथीदार मानणे अन्यायाचे आहे. या नाचाचा गुरू तोच असतो.

घराण्याबाहेर शिकायचे तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलांचे रीतसर शिक्षण मिळते. मेक्सिकोत अमालिया एर्नांदेस यांनी 1952 मध्ये ‘बॅले फोक्लोरिको’ची पायाभरणी करून प्रांतोप्रांतीचे नाच रंगमंचावर आणले, पुढे त्या देशात आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन समाजात विद्यापीठांचे असे संघ वर्षभर सराव व प्रयोग करू लागले. मराठवाड्यातला संघ मात्र बहुधा महोत्सवापुरता जमतो. पदवी हाती आली की मुले पांगतात, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांना कवड्यांची माळ कशी घालायची इथपासून सुरुवात करावी लागते.