हिरवळ आणि क्रीडांगण

नगरोद्यानांचा इतिहास लिहिताना वृक्ष, कारंजी आणि पुतळे यांची मोजदाद बहुधा होते. त्या उद्यानात गरिबाघरच्या पोराला धावता येत होते की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. न्यूयॉर्क शहरात मात्र या प्रश्नाने बराच काळ वाद माजविला. तो इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

१८५८ साली तेथील सेंट्रल पार्क लोकांस खुले होऊ लागले. श्रमलेल्या नागरिकाने येथे यावे, निसर्गशोभा पाहावी आणि शांत चित्ताने घरी परतावे, अशी ओल्मस्टेड व व्हॉक्स या रचनाकारांची कल्पना होती. कल्पना उदात्त खरी. परंतु चौदा वर्षांच्या मुलास निसर्गशोभेपेक्षा चेंडू प्रिय असतो, ही गोष्ट तिच्यात बसत नव्हती. पुढे बेसबॉल खेळण्यास परवानगी मिळाली, तीही शिक्षकाचा दाखला आणणाऱ्या विद्यार्थ्यांस. जो मुलगा शाळेऐवजी कारखान्यात जात होता त्याने दाखला कोणाचा आणावा? शिवाय शहराच्या दक्षिण टोकाकडील दाट मजूरवस्तीपासून हे उद्यान मैलोगणती दूर. तेथील मुलांस रस्ता हेच अंगण होते, आणि रस्त्यात चेंडू खेळल्याबद्दल पोलीस त्यांना पकडीत.

या वस्तीचे हाल जेकब रीस या डॅनिश वार्ताहराने १८९० साली आपल्या पुस्तकातून जगापुढे मांडले. १८८७ च्या कायद्याने लहान उद्यानांसाठी जागा घेण्याचा अधिकार शहरास मिळाला होता. पण काम रेंगाळले. अखेर मलबेरी बेंड ही कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथे १८९७ साली बाग उघडली. बाग तयार होत आली असता खुद्द रीस तेथील गवतावरून चालू लागला, तेव्हा पोलिसाच्या काठीचा तडाखा त्याच्या पाठीवर बसला! ही हकीकत त्यानेच आत्मचरित्रात सांगितली आहे. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी आपल्याकडील बागांतूनही वाचकांच्या परिचयाची आहे. तिचा अर्थ पाठीवर उमटल्याचे उदाहरण मात्र विरळाच.

खरा पालट घडविला तो सेवाभावी कार्यकर्त्यांनी. परिचारिका लिलियन वॉल्ड हिने हेन्री स्ट्रीटवरील आपल्या संस्थेचे परसू मुलांस मोकळे केले होते. तिने व चार्ल्स स्टोव्हर याने १८९८ साली एक मंडळ स्थापिले. जवळच सेवर्ड पार्कसाठी घरे पाडून जागा मोकळी केलेली होती, पण पुढील कामास पैसा नव्हता. मंडळाने १८९९ मध्ये तेथे तात्पुरते क्रीडांगण चालू केले, आणि काम लोकांस इतके पटले की शहराने ते आपल्या अंगावर घेतले. १९०३ च्या ऑक्टोबरात सेवर्ड पार्क उघडले: धावण्याची वाट, व्यायामाची साधने, लहानग्यांसाठी निराळा भाग, स्नानगृहांचा मंडप, आणि मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या आयांसाठी झुलत्या खुर्च्या. अमेरिकेत नगरपालिकेने कायमचे म्हणून बांधलेले हे पहिले क्रीडांगण होय. ज्या घरात न्हाणीघरही नाही, तेथील मुलास व्यायामानंतर अंघोळ करता यावी, एवढा विचार त्यात झालेला दिसतो. आम्हांस ही बाब धावण्याच्या वाटेइतकीच मोलाची वाटते. (स्टोव्हर १९१० मध्ये उद्यानखात्याचा प्रमुख झाला, आणि १९१३ मध्ये कोणासही न सांगता कित्येक आठवडे नाहीसा झाला, माणूस असा विलक्षण होता.)

१९३४ नंतर रॉबर्ट मोझेस याने क्रीडांगणांचा सपाटाच लावला. १९३६ च्या एका उन्हाळ्यात अकरा पोहण्याचे तलाव उघडले. परंतु त्या दशकातील २५५ क्रीडांगणांपैकी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या वाट्यास एकच आले, असा आरोप त्याचा चरित्रकार रॉबर्ट कॅरो याने १९७४ साली केला. उत्तरकालीन अभ्यासकांनी त्याच्या काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले आहेत. तथापि क्रीडांगणे किती, याबरोबर ती कोणाच्या दाराशी, हेही मोजले पाहिजे, ही दृष्टी तेव्हापासून रुजली.

मलबेरी बेंडच्या त्या बागेस १९११ पासून कोलंबस पार्क म्हणतात. भोवती आता चिनी वस्ती आहे. वृद्ध मंडळी तेथे पत्ते व बुद्धिबळ मांडून बसतात, आणि पलीकडच्या मैदानात मुले चेंडू खेळतात.