केडगावचा छापखाना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे, आणि तेथून जाताना मराठी ख्रिस्ती माणसाला, तो कोणत्याही मंडळीचा असो, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. माझ्या आजोळी सायंप्रार्थनेच्या वेळी जे जाड बांधणीचे बायबल उघडले जाई ते या गावी छापलेले होते. आजी चुलीपुढून उठून, हात धुऊन, पदराला पुसून ते हातात घेई, तरी त्या हातांना राखेचा वास येतच असे. त्या ग्रंथाचा इतिहास मला पुढे कळला, तेव्हा तो वास त्या पानांना परका नव्हता हे ध्यानात आले.

1870 च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली, आणि आई, वडील व थोरली बहीण यांचे मृत्यू रमाबाईंनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांच्या विद्वत्तेचा कलकत्त्यास गौरव झाला, 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन निघाले. हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची एक कबुली: ख्रिस्ती धर्म आपण पत्करला खरा, पण ख्रिस्त आपणांस सापडला तो बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. धर्मांतराची तारीख दप्तरात नोंदता येते. श्रद्धा रोजच्या जगण्यात मुरण्यास किती काळ लागतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

1896 च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळाने कहर मांडला, तेव्हा आपल्या पूर्वायुष्यातील भूक ज्यांच्या स्मरणातून कधीच गेली नव्हती त्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. शारदासदन तोवर मुंबईहून पुण्यास आले होते, पण तेथे प्लेगचा बंदोबस्त कडक असल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. शारदासदनाच्या उत्पन्नासाठी केडगावास जमीन घेऊन फळबाग लावलेली होती. तेथेच तूर्त निवाऱ्याची तजवीज करण्यात आली, आणि त्या निवाऱ्याचे मुक्तिसदन झाले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जीवांचा संसार केवळ प्रार्थनेवर चालत नाही, आणि रमाबाईंनी तो तसा चालवूही दिला नाही. दळण, कांडण, स्वयंपाक, विणकाम, तेलघाणी, गुरांची निगा, शेत, धोबीकाम ही सारी कामे तेथील स्त्रिया करीत. अंध स्त्रियांनाही ब्रेल लिपी आणि हातांना झेपतील असे उद्योग शिकविले जात. जिला घरच्यांनी अभागी म्हणून टाकले तिने शेरभर पीठ दळून दहाजणींच्या भाकरीची सोय करावी, यात उपासना वेगळी आणि काम वेगळे अशी फारकत करणे मला तरी जमत नाही.

या सर्व उद्योगांत छापखाना मला विशेष प्रिय आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले, त्याला सुमारे अठरा वर्षे लागली. त्या वेळी प्रचारात असलेले भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, ते अल्पशिक्षित बाईस कळत नाही, असे त्यांना वाटे. ज्या भाषेवर त्यांचे प्रभुत्व वादातीत होते तिचेच शब्द त्यांनी एकेक करून बाजूला ठेवले, हा त्याग मला मोठा वाटतो. ते भाषांतर सर्वत्र सुबक उतरले आहे असे मी म्हणणार नाही. मूळ भाषेशी इमान राखण्याच्या आग्रहाने कित्येक ठिकाणी मराठी वाक्य अवघडले आहे. पण जिच्यासाठी ते लिहिले ती वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच आवारात, घाण्यावर आणि मागावर काम करीत होती, आणि खिळे जुळविणाऱ्या, कागद दुमडणाऱ्या, बांधणी करणाऱ्या स्त्रियाही सदनातल्याच होत्या.

1921 साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपाशीत राहिल्या, आणि ते काम पुरे झाल्यावर 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. आमच्या आजोळच्या प्रतीची बांधणी एका बाजूने सुटली आहे, आणि आजी ज्या स्तोत्रांपाशी नेहमी थांबे त्या पानांच्या कडा तिच्या बोटांनी काळवंडल्या आहेत.