मॅकरॉन घरी करताय? पावसाळ्यात आधी हे वाचा

कोथरूड (पुणे) : बदामपूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, एवढ्यावर उभं असलेलं हे फ्रेंच बिस्कीट. पूजा धिंग्रा यांनी पॅरिसमध्ये शिकून २०१० साली मुंबईत दुकान काढलं, आता घरगुती केकवाल्यांकडेही मागणी होते.

बदामपूड आणि पिठीसाखर प्रत्येकी १०० ग्रॅम, अंड्याचा पांढरा भाग ७५ ग्रॅम, बारीक साखर ७५ ग्रॅम. काट्यावर मोजा, वाटीचा अंदाज इथे चालत नाही. पांढऱ्या भागात बारीक साखर थोडी थोडी घालत भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतकं फेटायचं. मग चाळलेली बदामपूड आणि पिठीसाखर हलक्या हाताने मिसळा. मिश्रण जाड रिबिनीसारखं पडू लागलं की थांबा, पुढे गेलात तर पसरतं.

कागदावर गोल पाडून अर्धा-पाऊण तास वाळवायचं. वर साय धरली की भट्टीतली वाफ खालून निघते आणि तळाला जाळीदार कड येते. १५० अंशांवर साधारण १५ मिनिटं भाजा.

खरी गोची पावसाळ्याची. दमट हवेत साय धरतच नाही, माथा तडकतो आणि महागाचे बदाम वाया! एसी असलेल्या खोलीत वाळवा, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा.

अंडं नको असेल तर छोले शिजवलेलं पाणी आटवून फेटता येतं. विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. अंडं घातलेल्या डब्यावर हिरवी खूण चालत नाही, नियमात अंडं मांसाहारात धरलंय.