‘दियास्पेइरो’ : पेरणी, उफणणी आणि पांगापांग

बायबलच्या ग्रीक पाठातील ‘दियास्पेइरो’ हे क्रियापद ‘दिया’ म्हणजे आरपार, सर्वत्र आणि ‘स्पेइरो’ म्हणजे पेरणे या दोन घटकांचे बनले आहे. त्यावरून ‘दियास्पोरा’ हे नाम सिद्ध झाले आणि इंग्रजीमार्फत ‘डायस्पोरा’ या रूपाने ते मराठी समाजशास्त्रीय व वाङ्मयीन लेखनात रुळले. मराठी बायबलमध्ये मात्र या क्रियापदासाठी ‘पांगणे’, ‘पांगापांग होणे’ असे शब्द येतात. शब्द नेमका आहे. परंतु त्यात बी नाही. गर्दी पांगते, ढग पांगतात, गुरे पांगतात. पांगलेल्यातून काही उगवेल अशी अपेक्षा मराठी भाषक करीत नाही. ही उणीव केवळ व्युत्पत्तीची आहे की अर्थाचीही, हे पाहण्यासाठी या क्रियापदाचा इतिहास तपासावा लागतो.

माणसे ‘पेरली जाणे’ ही कल्पना बायबलपूर्व ग्रीकमध्येही आढळते. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सने एजिना बेटावरील रहिवाशांना हुसकावून लावले. त्यांपैकी काही थिरिया येथे वसले, तर उरलेल्यांविषयी सांगताना इतिहासकार थुसिडिडीझ ‘स्पेइरो’ हेच साधे क्रियापद वापरतो. तेथे अर्थ विस्थापनाचा आहे, पिकाचा नाही.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले आणि या क्रियापदाला धार्मिक वजन आले. उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायातील बाबेलच्या कथेत ते तीनदा येते. अनुवाद २८:६४ मध्ये आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून इस्राएल लोकांना राष्ट्राराष्ट्रांत विखुरण्याचा इशारा आहे. सर्वांत उद्बोधक स्थळ यिर्मया १५:७ हे होय. मूळ हिब्रूतील क्रियापद ‘झारा’, म्हणजे उफणणे. खळ्यावर मळलेले धान्य वाऱ्यात उधळून दाणा व भूस वेगळे करण्याचे हे चित्र आहे. ग्रीक भाषांतरकाराने तेथे ‘दियास्पेइरो’ योजले आणि प्रतिमा खळ्यावरून शेतात गेली. हा बदल हेतुपुरस्सर झाला असे मानणे धाडसाचे ठरेल. त्या काळच्या ग्रीकमध्ये हे क्रियापद ‘विखुरणे’ एवढ्याच अर्थाने सर्रास चालत होते. या ग्रंथांत विखुरण्याचा सूर बहुतांशी दंडाचाच आहे. आशा आहे ती ‘गोळा करणे’ या विरुद्ध क्रियेत.

नव्या करारात हे क्रियापद केवळ तीन ठिकाणी येते आणि तिन्ही स्थळे ‘प्रेषितांची कृत्ये’ या एकाच ग्रंथातील आहेत : ८:१, ८:४ व ११:१९. (‘दियास्पोरा’ हे नामही तीनदाच येते : योहान ७:३५, याकोब १:१ व १ पेत्र १:१.) स्तेफनाच्या हत्येनंतर यरुशलेमेतील मंडळीचा छळ सुरू झाला. प्रेषित वगळता इतर अनुयायी यहूदीया व शोमरोनात आणि पुढे फेनिके, कुप्र व अंत्युखियापर्यंत गेले. जातील तेथे ते वचन सांगत राहिले आणि अंत्युखियातच त्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले. शब्दाच्या व्युत्पत्तीतून हवा तो अर्थ काढण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा हे खरे. परंतु येथे पुरावा व्युत्पत्तीपलीकडचा आहे. ‘कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकनेच आपल्या शुभवर्तमानात (८:११) पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा अर्थ सांगताना बी म्हणजे देवाचे वचन असे स्पष्ट केले आहे. वचन घेऊन विखुरलेल्या माणसांसाठी त्याने ‘पेरणे’ ज्यात दडले आहे ते क्रियापद निवडले. छळ करणाऱ्यांना मंडळी मोडायची होती. घडले ते उलटेच. नव्या कराराला ‘दियास्कोर्पिझो’ हे दुसरे क्रियापदही ठाऊक आहे. ते मेंढरांच्या विखुरण्याला लागते, तसेच धाकट्या मुलाने संपत्ती उडविण्यालाही (लूक १५:१३). मराठीतील ‘उधळणे’ हे त्याचे जवळजवळ जुळे भावंड होय.

मग ‘दियास्पेइरो’साठी मराठीत ‘पेरले गेले’ असे का म्हणू नये? याचे उत्तर परभणी परिसरातील काळ्या रानात मिळते. येथील पारंपरिक पेरणी तिफणीची. चाड्यावर मूठ धरायची, नळ्यांतून बी खाली सोडायचे आणि सरळ तासांत पीक उभे करायचे. वाटेवर, खडकावर व काटेरी झुडपांत बी पडू देणारा दृष्टान्तातला पेरणारा या शेतकऱ्याला गबाळाच वाटेल. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये बी हाताने फेकीत, आणि ग्रीक क्रियापदामागे तीच रीत आहे. मराठीत तिला ‘फोकणे’ म्हणतात. म्हणजे ‘पेरले गेले’ म्हटले तर ग्रीकमध्ये नसलेली शिस्त अर्थात शिरते, आणि ‘फोकले गेले’ म्हटले तर माणसे फेकून दिल्यासारखे वाटते. या दृष्टीने ‘पांगापांग’ची निवड दिसते तितकी उणी नाही. मराठी भाषांतराची परंपरा १८११ च्या सेरामपूर येथील नव्या करारापासून हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपर्यंत (मृत्यू १९२२) चालत आली. भाषांतरकारांपुढील ही अडचण नुसत्या भाषाज्ञानाने सुटणारी नव्हती.

मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती मात्र पांगण्याने नव्हे, गोळा होण्याने. शेजारच्या जालन्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्ह. नारायण शेषाद्री (मृत्यू १८९१) यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ हे गाव वसविले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील धर्मांतरितांना आपापल्या गावात जगणे कठीण झाले, तर त्यांना हा आसरा होता. ‘कृत्यां’त छळामुळे मंडळी विखुरली, येथे तीच एका शिवारात एकवटली.

कोकणातील बेने इस्राएल समाजाने ‘दियास्पोरा’ या नामाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणविले जात. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले. हिब्रू धर्मग्रंथांच्या भाषेत हे गोळा होणे होय. मराठीच्या बाजूने पाहिले तर ती पांगापांग आहे. नव्या देशात गेल्यावर त्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक काढले.